दीर्घ ऊ

थांबा, म्हणतो रिंगौदास.
खोट्यातला माणूस नव्हे; दारात आलेलं गिऱ्हाईक परतवून सांगतो,
थांबा दायवा, मार्चमध्ये नवं मॉडेल येतंय,
बॅटरी दीडपट, वजन सव्वा किलो,
पडदा भर उन्हातही वाचता येईल असा.
क्लायपेडात. नोव्हेंबरात. ऊन.

माझ्या लॅपटॉपला आठवं वर्ष लागलंय.
उजवी बिजागरी चिकटपट्टीवर तगून आहे.
पंखा असा घुमतो की फोनवरचे कप्तान विचारतात,
इंजिनरूममध्ये आहात का?
ते सगळं चालवून घेतलं.
पण गेल्या महिन्यात आठची कळ गेली,
आणि आमच्या कळफलकावर आठ आणि दीर्घ ऊ
एकाच कळीत बिऱ्हाड करून असतात.

तेव्हापासून मला समुद्र लिहिता येत नाही.
जूरा म्हणतो आम्ही समुद्राला. मधला ऊ काढला
तर उरतात सुटी व्यंजनं,
कोरड्या गोदीत टेकवलेल्या होड्यांसारखी.
भागीदार झिद्रूनास, तोही नावातच अडतो.
आणि 'असणे'चं तर विचित्रच:
बुवाउ, मी होते, सरळ उमटतं.
एसु, मी आहे, तेही.
बूसिउ, मी असेन,
तिथे बोट आपटत राहतं.

मग जुना अहवाल उघडायचा, 'गिंतारे' नावाच्या जहाजाचा,
त्यातला एक ऊ उचलायचा, हवा तिथे ठेवायचा.
गिंतारे कधीच भंगारात गेली, पत्रा पत्रा वेगळा झाला.
तिचा ऊ अजून कामावर आहे.

झिद्रूनास म्हणतो, डिसेंबरच्या आत घे,
खर्च याच वर्षाच्या हिशेबात बसेल.
मुलगी म्हणते, आई, हे तू गेल्या वर्षीही बोलत होतीस.
खरंय. तेव्हा सप्टेंबरची वाट पाहिली होती.
सप्टेंबर आला, मॉडेल आलं,
आणि खोक्याची टेप निघण्याआधीच
पुढच्याची कुजबुज सुरू.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात,
पण माझं हातचं तरी धड कुठे हातात होतं?

आज तिसऱ्या गोदीत होते.
लाकूड वाहणारं जहाज. त्याच्या पोटाखाली उभी राहून
हातोडीनं पत्रा वाजवला. आवाज बसका आला.
मूळ जाडी बारा मिलिमीटर, साडेनऊपर्यंत चालते.
यंत्र म्हणालं आठ पूर्णांक आठ.
नेमकं. दोनदा आठ.
मालकाचा माणूस, कानटोपी हातात घेऊन:
वसंतात नवं जहाज घेतोय आम्ही,
तोवर चालू द्या ना, तीन-चार फेऱ्या.
मी म्हणाले, नवं येईल तेव्हा येईल,
पाणी काही वसंतापर्यंत थांबणार नाही.
पत्रा बदला.
तो काही बोलला नाही. हातमोजे चढवत राहिला.
चार दिवसांचं गोदीभाडं पडणार त्याला.

येताना दुकानात दिवा होता, शटर अर्धं.
आत गेले नाही.
लॅपटॉप म्हणजे जहाज नव्हे, एवढं कळतं मला.
ऊ नसल्यानं कुणी बुडत नाही.

रात्री अहवाल लिहिला. दोन आठ चिकटवले, अकरा ऊ.
मग रिंगौदासला निरोप लिहायला घेतला.
लाउक्सिउ, थांबेन.
नेलाउक्सिउ, थांबणार नाही.
दोन्हींत दीर्घ ऊ लागत नाही.
निदान इथे तरी कळफलकानं कौल द्यायचा!

आमच्या भाषेत नकार आधी येतो, क्रियापद मागून.
ने, एवढं लिहून झालंय.
चहा गार पडलाय. तो गरम करून आणते,
मग पुढचं.